४६ चे २३ कसे होतात? गुणसूत्रं आणि अर्धसूत्री विभाजनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर, निपाणी, चिकोडी आणि बेळगावच्या आसपासच्या गावांतली मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकतात, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान घेतात आणि पहिल्याच वर्षी त्यांची ‘मायोसिस’शी गाठ पडते. खरी अडचण जीवशास्त्राची कमी आणि भाषेची जास्त असते. शिकवणीची मुलं फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एका जागी लिहिलेत. मुलांच्या मागून त्यांच्या आया, काका आणि ऊसवाले शेतकरीही विचारू लागले, म्हणून पुढचे काही प्रश्न पुस्तकाबाहेरचे आहेत. ‘सर, हे परीक्षेला येतं का?’ हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न मात्र गाळलाय.

१. गुणसूत्र म्हणजे नेमकं काय? कन्नडमध्ये ‘वर्णतंतू’ म्हणतात ते हेच का?

हेच. डीएनएचा एक अखंड, लांबलचक धागा प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, ते एक गुणसूत्र. माणसाच्या एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर साधारण २ मीटर भरतो. एरवी तो केंद्रकात सैल पसरलेला असतो. पेशी विभागायच्या वेळी तो आखडून जाड होतो आणि तेव्हाच साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो.

नावाची गंमत अशी की १८८८ साली वाल्डेयर या जर्मन शास्त्रज्ञाने ‘क्रोमोसोम’ हा शब्द काढला तो रंगावरून, कारण हे धागे रंगद्रव्य चटकन धरतात. म्हणजे कन्नड ‘वर्णतंतू’ मुळाच्या जवळचा, तर आपलं ‘गुणसूत्र’ त्याचं काम सांगतं. धाग्यावरचा एकेका गुणाची माहिती असलेला तुकडा म्हणजे जनुक. त्याला कन्नडमध्ये ‘वंशवाही’ म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला तो शब्द जास्त आवडतो.

२. गुणसूत्रं जास्त म्हणजे प्राणी जास्त हुशार, असं असतं का?

नाही. माणसाची ४६, बटाट्याची ४८, कुत्र्याची आणि कोंबडीची ७८, येळ्ळूरच्या शिवारातल्या भाताची २४. आकडा हुशारी सांगत नाही. एका जातीत तो ठरलेला असतो, एवढंच.

माणसाची ४६ आहेत हेसुद्धा १९५६ साली तिओ आणि लेव्हान यांनी पक्कं केलं. त्याआधी तीसेक वर्षं जगभरची पुस्तकं ४८ सांगत होती. तेव्हा तुमची मोजणी चुकली तर फार वाईट वाटून घेऊ नका. पण चौथा प्रश्न वाचा.

३. मायटोसिस आणि मायोसिस दोन्ही विभाजनच, मग दोन कशाला?

मायटोसिस, म्हणजे सूत्री विभाजन, शरीर वाढवायला आणि झीज भरून काढायला. एका पेशीच्या तंतोतंत तशाच दोन होतात, ४६ चे ४६ च राहतात. मायोसिस, म्हणजे अर्धसूत्री विभाजन, फक्त अंडाशयात आणि वृषणात होतं. (झाडांत फुलाच्या परागकोशात आणि बीजांडात.) त्यातून निघणाऱ्या अंडपेशीत आणि शुक्राणूत २३ च गुणसूत्रं असतात.

हे अर्धं करणं नसतं तर ४६ आणि ४६ मिळून मुलाची ९२, नातवाची १८४. दर पिढीला दुप्पट. व्हान बेनेडेन यांनी १८८३ साली घोड्याच्या जंतात हा हिशेब डोळ्यांनी पाहिला: अंडपेशीत २, शुक्राणूत २, फलित अंड्यात ४. त्या जंताची गुणसूत्रं मोजकीच म्हणून ते जमलं. माणसावर प्रयत्न केला असता तर मोजता मोजता आयुष्य गेलं असतं.

४. ‘सर, प्रत तयार झाल्यावर ४६ चे ९२ होतात, मग अर्धे म्हणजे ४६ च झाले की ओ! २३ कुठून आले?’

दरवर्षी येणारा प्रश्न, आणि मीही विद्यार्थी असताना इथेच आपटलो होतो. इंग्रजी वर्गात मागच्या बाकावर बसून ‘हाफ’ एवढं एकच ऐकलं आणि पेपरात ९२ चे ४६ लिहून आलो.

झेरॉक्सच्या दुकानात चला. तुमच्याकडे २३ विषयांच्या वह्या आहेत. प्रत्येक विषयाच्या दोन: एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एकूण ४६. एका विषयाच्या या दोन वह्या म्हणजे समजात गुणसूत्रांची जोडी. विषय तोच, मजकुरात थोडा थोडा फरक.

आता विभाजनाआधी प्रत्येक वहीची झेरॉक्स निघाली आणि ती मूळ वहीला एकाच पिनेने जोडली. प्रती ९२ झाल्या, पण पिना ४६ च. पिन म्हणजे गुणसूत्रबिंदू, पुस्तकातला सेंट्रोमिअर. पिनेने जोडलेल्या दोन प्रती म्हणजे भगिनी क्रोमॅटिड. नियम एकच: गुणसूत्रं मोजायची तर पिना मोजा, प्रती मोजू नका.

पहिलं विभाजन: पिना तशाच राहतात. एका विषयाचे दोन गठ्ठे, आईकडचा आणि वडिलांकडचा, विरुद्ध बाजूंना जातात. प्रत्येक पेशीत २३ पिना, पण प्रती ४६.

दुसरं विभाजन: आता पिना उघडतात. प्रत्येक पेशीत २३ वह्या, एकेकच प्रत. एका पेशीच्या चार झाल्या.

झेरॉक्स एकदाच आणि वाटप दोनदा, हे पक्कं बसलं की बाकीचं आपोआप येतं.

५. पहिल्या विभाजनातच २३ झाली तर दुसरं कशाला?

पिना २३ झाल्या, पण प्रत्येक पिनेत अजून दोन प्रती आहेत. तशीच पेशी पुढे गेली तर बाळात प्रत्येक वहीच्या जादा प्रती येतील. दुसरं विभाजन त्या सोडवतं. त्याची पद्धत मायटोसिससारखीच, फक्त सुरुवात निम्म्या संख्येपासून आणि मध्ये नवी झेरॉक्स नाही.

६. क्रॉसिंग ओव्हर नेमकं कधी आणि कोणाकोणात होतं?

पहिल्या विभाजनाच्या पूर्वावस्थेत, पॅकिटीन या टप्प्यावर. आईकडच्या आणि वडिलांकडच्या गठ्ठ्यांतली पानं अदलाबदल होतात. पिनेने जोडलेल्या दोन प्रतींत अदलाबदल झाली तरी उपयोग शून्य, कारण मजकूर तोच. म्हणून पुस्तक ‘नॉन-सिस्टर’ म्हणतं.

बहुतेक मुलं याला नुसती ‘विविधता आणणारी’ घटना समजतात. पण त्या अदलाबदलीच्या जागी दोन्ही गठ्ठे एकमेकांत अडकून राहतात. ती गाठ डिप्लोटीनमध्ये कायाझ्मा म्हणून दिसते. जोडी एकत्र धरून ठेवायला आणि मग दोन बाजूंना नीट ओढायला ही गाठ लागते. गाठच पडली नाही तर गठ्ठे वाटेल तिकडे जातात. त्याचा परिणाम दहाव्या प्रश्नात दिसेल. अपवाद आहेतच: फळमाशीच्या नरात क्रॉसिंग ओव्हर होत नाही, तरी त्याचं नीट चालतं.

टप्प्यांचा क्रम विचाराल तर: लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन, डायाकायनेसिस. पाठच करा, दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

७. सख्खे भाऊ, मग एक मामावर आणि एक काकावर कसा?

दर जोडीतली कोणती वही कोणत्या बाजूला जाईल हे दर वेळी नव्याने ठरतं. २३ जोड्या, प्रत्येकीत दोन पर्याय: २ चा २३ वा घात, म्हणजे ८३,८८,६०८ प्रकारचे शुक्राणू. तितक्याच प्रकारच्या अंडपेशी. दोन्ही मिळून ७० लाख कोटींच्या घरात जुळण्या, आणि यात अजून क्रॉसिंग ओव्हर धरलेलंच नाही.

आई-वडिलांकडून प्रत्येकाला बरोबर निम्मं मिळतं, पण ‘कोणतं निम्मं’ हे वेगळं. म्हणून दोन सख्ख्या भावंडांत समान वारसा सरासरीने अर्धा असला तरी प्रत्यक्षात तो कमी-जास्त होतो. वाटणीत दोघांनाही चार-चार एकर आली, पण विहीर कोणाच्या वाट्याला हे चिठ्ठीवर, तसं. एकरूप जुळे तेवढे याला अपवाद, कारण ते एकाच फलित अंड्याचे दोन झालेले असतात. तिथे मायोसिसची चिठ्ठी एकदाच निघते.

८. बाईच्या आणि पुरुषाच्या मायोसिसमध्ये फरक काय?

पुरुषात तारुण्यापासून म्हातारपणापर्यंत सतत चालतं. एका मूळ पेशीपासून चार शुक्राणू, साधारण अडीच महिन्यांत.

बाईचं वेगळंच. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडपेशींचं पहिलं विभाजन सुरू होतं आणि मध्येच थांबतं. जन्मावेळी अशा थांबलेल्या १० ते २० लाख पेशी असतात. वयात आल्यावर दर महिन्याला एखादी पुढे सरकते आणि आयुष्यभरात जेमतेम ४०० बाहेर पडतात. दुसरं विभाजन तर शुक्राणू आत शिरल्यावरच पूर्ण होतं, तो आला नाही तर अर्धवटच राहतं. शिवाय चार सारख्या पेशी होत नाहीत. एकच मोठी अंडपेशी, उरलेल्या बारीक ध्रुवपिंड होऊन विरून जातात. सगळी शिदोरी एकीलाच.

म्हणजे तुम्ही ज्या अंडपेशीतून आलात तिची सुरुवात तुमची आई तुमच्या आजीच्या पोटात होती तेव्हा झाली. नंदगडची एक मुलगी हे ऐकून म्हणाली, ‘सर, म्हणजे मी आजीच्या घरी आधीच जाऊन आले.’ शास्त्राच्या भाषेत थोडं चुकतं, पण मी खोडलं नाही.

९. सूनेला तिन्ही मुलीच झाल्या. दोष कोणाचा?

हा प्रश्न मुलांचा नाही, मोठ्या माणसांचा. आणि तो बहुधा ‘माझ्या ओळखीत एक बाई आहे’ अशा सुरुवातीने येतो.

दोष कोणाचाच नाही. पण हिशेबच मांडायचा तर असा: बाईची लिंग गुणसूत्रं एक्स-एक्स, म्हणून तिच्या प्रत्येक अंडपेशीत एक्सच. पुरुषाची एक्स-वाय. मायोसिसमध्ये ती दोन बाजूंना जातात, म्हणून साधारण निम्मे शुक्राणू एक्सचे, निम्मे वायचे. मुलगा की मुलगी हे शुक्राणूवर ठरतं. नेटी स्टीव्हन्स या बाईंनी १९०५ साली अळीकिड्याच्या पेशी पाहून हे दाखवलं. शंभर वर्षं उलटून गेली तरी आपल्याकडे सासू अजून सुनेकडेच बघते.

पहिल्या तीन मुली असल्या तरी चौथ्या वेळी शक्यता निम्मीच. गुणसूत्रांना मागचं आठवत नाही. गावठी औषधं, ठरावीक दिवस, ठरावीक कूस, यातलं काहीही शुक्राणूंची वाटणी बदलत नाही. गर्भाचं लिंग तपासणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

‘वंशाचा दिवा’ म्हणतात त्याबद्दल थोडं. वडिलांकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं ते फक्त वाय, आणि त्यावर जनुकं फार थोडी. उरलेली २२ गुणसूत्रं वडील मुलीलाही देतात, वर त्यांचा भलामोठा एक्सही देतात. देवक आणि आडनाव मुलाकडे गेलं तरी जनुकांच्या हिशेबात मुलीचा वाटा वायपेक्षा मोठाच.

मग म्हशीला रेडीच होणारं वीर्य मिळतं ते कसं? एक्सवाल्या शुक्राणूत डीएनए थोडा जास्त असतो, बैलाच्या शुक्राणूंत साधारण ४ टक्क्यांनी. त्या फरकावर यंत्राने ते वेगळे काढतात. वाटणी झाल्यावरची ही निवड. मायोसिसमध्ये कोणी हात घातलेला नाही.

१०. डाउन सिंड्रोम ग्रहण न पाळल्यामुळे होतं का?

नाही. डाउन सिंड्रोम म्हणजे मुलाची वाढ आणि शिकणं जन्मापासून मंद असणं. त्यात वाटपात चूक झालेली असते, आणि ती गरोदर राहण्याच्या आधीच. बहुतेक वेळा आईच्या अंडपेशीच्या पहिल्या विभाजनात २१ व्या जोडीचे दोन्ही गठ्ठे एकाच बाजूला जातात. वडिलांचं एक मिळून बाळात २१ वं गुणसूत्र तीनदा येतं, एकूण ४७. लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली हे दाखवलं. गरोदरपणी काय खाल्लं, काय पाहिलं, सुरी हातात धरली की नाही, याचा काही संबंध नाही. चूक झाली तेव्हा बाळ नव्हतंच.

वयाचा संबंध आठव्या प्रश्नात लपलाय. चाळिशीतल्या बाईची अंडपेशी चाळीस वर्षं त्या अर्धवट अवस्थेत थांबलेली असते आणि जोडी धरून ठेवणारी बंधनं सैल पडत जातात. विशीत साधारण १,५०० मागे एक, पस्तिशीला ३५० मागे एक, चाळिशीला १०० मागे एक. तरीही अशी बरीच बाळं तरुण आयांनाच होतात, कारण एकूण बाळंतपणंच त्या वयात जास्त.

एक अडचणीचा अपवाद: थोड्या घरांत २१ वं गुणसूत्र दुसऱ्या एखाद्याला, बहुधा १४ व्याला, चिकटलेलं असतं. असा माणूस स्वतः ठणठणीत, गुणसूत्रं ४५, पण मुलात धोका जास्त. म्हणून असं बाळ झालं की त्याची गुणसूत्र तपासणी करून घ्या, आणि चिकटलेलं निघालं तर आई-वडिलांचीही. पुढच्या बाळाबद्दलचा सल्ला त्यावरच ठरतो.

११. मामाची मुलगी केली तर मुलं अपंग होतात का? आमच्यात तर रीतच आहे.

‘होतातच’ असं नाही, ‘काहीच होत नाही’ असंही नाही. समजा आजोबांकडे एका आजाराची बिघडलेली प्रत आहे. दुसरी प्रत चांगली, म्हणून आजोबा निरोगी. ती प्रत आईकडे जायची शक्यता १/२, आईकडून मुलाकडे १/२. तशीच मामाकडे १/२, मामाच्या मुलीकडे १/२. चारही वेळा मायोसिसची चिठ्ठी. दोघांकडेही ती असण्याची शक्यता १/१६, आणि त्यांच्या बाळात दोन्ही बिघडलेल्या येण्याची त्याच्या चौथाई, १/६४. इकडे काही कन्नड घरांत बहिणीची मुलगी करतात, तिथे एक पायरी कमी, म्हणून १/३२.

हे एकाच लपलेल्या दोषाचं झालं, आणि असे काही दोष आपण प्रत्येक जण बाळगून असतो. सर्वसाधारण जोडप्यात गंभीर जन्मदोषाची शक्यता १०० मागे ३ च्या आसपास धरतात. आते-मामे भावंडांत ती दुपटीच्या जवळपास जाऊ शकते. रीत पिढ्यान् पिढ्या चालू असेल तर आणखी. घरात थॅलसेमियासारखा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर साखरपुड्याआधी रक्त तपासा. पत्रिका बघतोच की आपण.

१२. जर्सी आणि खिलारचा संकर गाभण राहतो, मग खेचर वांझ का?

जर्सी आणि खिलार दोघांचीही गुणसूत्रं ६०. संकरित गाईत ३० जोड्या नीट जुळतात. घोड्याची ६४, गाढवाची ६२, म्हणून खेचराची ३२ आणि ३१ मिळून ६३. शरीर मायटोसिसवर वाढतं, तिथे जोडी लागत नाही, म्हणून खेचर दणकट. पण मायोसिसच्या सुरुवातीलाच ‘आपापला जोडीदार शोधा’ म्हटलं की गोंधळ होतो. खेचरीला पिल्लू झाल्याच्या क्वचित नोंदी आहेत.

नुसता विषम आकडा मात्र वांझपणाचं कारण नव्हे. आपल्या मुऱ्हा-पंढरपुरीसारख्या म्हशींची गुणसूत्रं ५०, पूर्वेकडच्या दलदली म्हशींची ४८. त्यांच्या संकराची ४९, तरी तो गाभण राहतो. कारण दलदली म्हशीचं एक मोठं गुणसूत्र म्हणजे आपल्या म्हशीची दोन एकत्र चिकटलेली. मायोसिसमध्ये ती तिघं शेजारी शेजारी बसून घेतात. मजकूर जुळला की बाइंडिंग वेगळं असलं तरी भागतं.

१३. उसाला तुरा येतो, मग बी का पेरत नाही? कांडीच का?

कांडीपासूनचा ऊस मायटोसिसने वाढतो, म्हणून मूळ जातीसारखाच येतो. तुऱ्यातलं बी मायोसिसमधून गेलेलं, त्यामुळे प्रत्येक रोप वेगळं. कारखान्याला ते परवडणार नाही, पण नवी जात काढणाऱ्याला तेच हवं. ‘को ८६०३२’ या जातीच्या नावातला ‘को’ म्हणजे कोइमतूर. तिथलं ऊस पैदास केंद्र १९१२ चं. गुणसूत्रांच्या अभ्यासक जानकी अम्मल यांनीही तिथे उसावर काम केलं.

उसात एक विलक्षण अपवाद आहे. जाड, गोड उसाची गुणसूत्रं ८०. त्याचा रानटी जातीशी संकर करताना गोड ऊस मादी असेल तर तो अर्धं करतच नाही, सगळी ८० देतो. रानटीची ६४ असली तर तो आपली निम्मी, म्हणजे ३२ देतो. पोर ११२ चं. तिसऱ्या प्रश्नातला सगळा हिशेब इथे मोडतो. आजचे आपले ऊस साधारण १०० ते १३० च्या दरम्यान आहेत.

निपाणीकडचे विचारतात म्हणून तंबाखूचंही सांगतो. २४-२४ गुणसूत्रांच्या दोन रानटी जातींचा संकर झाला. त्यात १२ आणि १२, एकाचीही जोडी नाही, म्हणजे खेचरच. पण मग सगळ्यांची दुप्पट झाली, ४८, आणि प्रत्येकाला स्वतःच्याच प्रतीचा जोडीदार मिळाला. वांझपण गेलं. केळ्याचं उलट: ३३, तीन-तीनचे संच, जोड्या लागत नाहीत, म्हणून बी नाही.

१४. मधमाशीच्या नराला बाप नसतो म्हणतात. मग त्याच्यात मायोसिस कसं?

नर फलित न झालेल्या अंड्यातून येतो. राणीची ३२, त्याची १६. निम्म्याचं आणखी निम्मं करून चालणार नाही, म्हणून त्याच्या वृषणात पहिलं विभाजन सुरू होऊन अर्धवटच सोडलं जातं आणि शुक्राणूत १६ च जातात.

१५. तपासणीत एक्स-एक्स आलं आणि माणूस पुरुष, असं होऊ शकतं?

होतं, क्वचित. वडिलांच्या एक्स आणि वायमध्ये अदलाबदल फक्त टोकांना होते. पुरुषत्व सुरू करणारं एसआरवाय जनुक त्या टोकाच्या अगदी लगत आहे. अदलाबदल थोडी पुढे सरकली की ते एक्सवर जातं. असा शुक्राणू आला तर गुणसूत्रं एक्स-एक्स, शरीर पुरुषाचं. बहुधा मूल होत नाही म्हणून तपासायला गेल्यावरच कळतं. अहवाल चुकलेला नसतो.

१६. मायोसिस प्रत्यक्ष बघायला मिळेल का?

कांद्याच्या मुळाचं टोक ठेचून बघता ते मायटोसिस. मायोसिससाठी कांद्याचा फुलोरा घ्या, बियाण्यासाठी ठेवलेल्या वाफ्यात मिळेल. सकाळी छोट्या, मिटलेल्या कळ्या तोडून एक भाग ॲसेटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवा. मग परागकोश काढून ॲसिटोकार्मिन या रंगद्रव्याच्या थेंबात ठेचा. कांद्याची गुणसूत्रं १६, म्हणून कळी बरोबर वयाची असेल तर ८ जोड्या मोजता येतात. एकाच गोंड्यात लहान-मोठ्या कळ्या असतात, त्या क्रमाने बघत जा. उमललेली घेऊ नका, तिच्यात परागकण केव्हाच तयार झालेले असतात.